वृक्षमंडूक : हौशी लोकांचा आवडता बेडूक आणि आपल्या हौदावरचा पाहुणा

मृगाच्या सरी कोसळू लागल्या, की ओढ्याकाठी, भातखाचरांत आणि विहिरीभोवती बेडकांचा जो गजर सुरू होतो, तो शेतकऱ्याच्या कानास नवा नाही. परंतु त्या गजरात मिसळलेला एक आवाज जमिनीवरून येत नसतो. तो गोठ्याच्या आढ्यावरून, हौदाच्या भिंतीवरून, कधी केळीच्या पानाच्या बेचक्यातून येतो. लाकडावर लाकूड ठोकावे तसा तो कोरडा व तुटक असतो. विजेरी घेऊन शोधू गेल्यास भिंतीला चिकटून बसलेला एक सडपातळ, पिवळसर तपकिरी बेडूक दिसतो. त्याच्या प्रत्येक बोटाच्या टोकास वाटोळी, चपटी चकती असते आणि तिच्या योगे तो उभ्या भिंतीवरही निर्धास्त बसतो. हाच आपल्याकडचा वृक्षमंडूक, म्हणजे झाडावर चढणारा बेडूक होय.

अशा चढत्या बेडकांच्या शेकडो जाती जगात आहेत आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे हौसेखातर त्या काचेच्या पेट्यांत पाळणारे लोकही पुष्कळ आहेत. आपल्याकडे कोणी पोपट पाळतो, कोणी कबुतरे. तिकडे कोणी बेडूक पाळतो, एवढाच काय तो फरक. या हौशी मंडळींचा सर्वांत आवडता बेडूक कोणता, तो त्यांना का आवडतो आणि त्या आवडीचा इतर बेडकांवर काय परिणाम झाला, हे समजून घेणे शेती करणाऱ्यासही उपयोगाचे आहे. बेडूक हा कीटकभक्षक प्राणी असल्यामुळे त्याच्या बऱ्यावाईटाशी आपला संबंध येतोच. शिवाय या हकीकतीत गोठा, पाण्याची टाकी, केळीची खोकी आणि ऊस यांचा उल्लेख वारंवार येणार आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. झाडावर राहणारे सर्व बेडूक एका कुळातील नव्हेत. युरोप व अमेरिकेतील वृक्षमंडूक एका कुळाचे, ऑस्ट्रेलियातील त्यांच्या जवळच्या दुसऱ्या शाखेचे, तर आपल्या सह्याद्रीतील अगदीच निराळ्या कुळाचे आहेत. झाडावरील राहणीमुळे मात्र सर्वांना सारखेच अवयव लाभले आहेत. बोटांच्या चकत्यांच्या तळाशी षट्कोनी पेशींची फरशी असते. पेशींमधील बारीक चरांतून चिकट द्रव पसरतो आणि त्या ओलाव्याच्या पातळ थरामुळे चकती गुळगुळीत पानासही धरून राहते.

आता हौशी मंडळींच्या लाडक्या बेडकाकडे वळू. नवशिक्याने कोणता बेडूक पाळावा, असे जाणत्यास विचारले असता बहुधा ऑस्ट्रेलियातील हिरव्या वृक्षमंडुकाचे नाव सांगितले जाते. इंग्रजीत त्याला 'व्हाइटचा बेडूक' असेही म्हणतात. जॉन व्हाइट हा न्यू साउथ वेल्समधील इंग्रज वसाहतीचा मुख्य शस्त्रवैद्य होता. 1790 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तांतात या बेडकाचे वर्णन आले असून ऑस्ट्रेलियातील बेडकाचे शास्त्रीय वर्णन असे ते पहिलेच मानले जाते. गंमत अशी, की या हिरव्यागार प्राण्यास लॅटिन भाषेत जे नाव मिळाले त्याचा अर्थ 'निळा' असा आहे. बेडकाचा हिरवा रंग निळ्या व पिवळ्या छटांच्या मिलाफातून होतो. नमुने टिकवण्यासाठी ज्या द्रवात ठेवले होते त्यात पिवळी छटा नाहीशी झाली आणि विलायतेस पोचलेला बेडूक निळा दिसला. ज्याने जिवंत बेडूक पाहिलाच नाही, त्याने नाव ठेवल्यावर दुसरे काय होणार?

हा बेडूक अंगाने थोराड असतो. पूर्ण वाढलेली मादी 10 सेंटिमीटर किंवा त्याहून थोडी अधिक भरते. नर लहान असतो. पाठ हिरवी, पोट पांढरे, डोळ्यामागे कातडीची जाड घडी, आणि तोंडाची ठेवण अशी, की तो सदैव मंद हसत आहे असे वाटावे. ऑस्ट्रेलियाचा उत्तर व पूर्व भाग आणि न्यू गिनीचा दक्षिण भाग ही त्याची मायभूमी होय.

तेथील शेतकऱ्यांना हा बेडूक रानापेक्षा घरात अधिक भेटतो. ज्या भागात नद्या दूर व पाऊस ठरावीक महिन्यांतच पडतो, तेथे शेतघराच्या पत्र्यावरील पाणी पन्हळीने मोठ्या टाकीत साठवून वर्षभर वापरण्याची रीत आहे. गार, दमट आणि अंधारी अशी ती टाकी या बेडकास झाडाच्या ढोलीहून सोयीची वाटते. तो टाकीत, पन्हळीच्या नळात, टपालपेटीत, स्नानगृहात आणि शौचकूपातही बिऱ्हाड करतो. नर नळात किंवा टाकीत बसून ओरडतो तेव्हा त्या पोकळीमुळे त्याचा घोगरा आवाज कितीतरी मोठा होतो. रात्री दिव्याभोवती जमणारे पतंग, झुरळे आणि नाकतोडे हे त्याचे भक्ष्य. त्यामुळे घरची माणसे त्याच्या ओरडण्याची तक्रार करतात, पण त्याला हाकलून देत नाहीत.

कोरड्या ऋतूत तो पाणी कसे मिळवतो, ही हकीकत तर दुष्काळी भागातील वाचकांना विशेष वाटेल. उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विन शहराच्या परिसरात कित्येक महिने पावसाचा थेंब पडत नाही. त्या दिवसांत रात्री गारठा असतानाही हा बेडूक उबदार ढोली सोडून उघड्यावर येऊन बसतो. थंड रक्ताच्या प्राण्याने थंडीत बाहेर यावे, हे प्रथमदर्शनी वेडेपणाचे दिसते. क्रिस्टोफर ट्रेसी व त्यांचे सहकारी यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याचा उलगडा झाला. बाहेर बसून अंग गार झालेला बेडूक पुन्हा उबदार व दमट ढोलीत शिरला, की गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, तसे त्याच्या अंगावर दव जमते आणि ते तो त्वचेवाटे शोषून घेतो. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही; पोटाच्या व मांड्यांच्या पातळ त्वचेतून ते आत घेतो. ज्या प्राण्यास स्वतःच्या अंगावर दव पाडून घेता येते, तो कमी पावसाच्या मुलखात टिकून राहिला यात नवल नाही.

याच त्वचेत इतरही द्रव्ये असतात. इटलीतील व्हित्तोरिओ एर्स्पामेर या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी 1960 नंतरच्या दशकात या बेडकाच्या त्वचेतून एक द्रव्य वेगळे केले. आपल्या आतड्यांत स्रवणाऱ्या एका संप्रेरकासारखेच ते काम करते, आणि पित्ताशयाच्या तपासणीसाठी वैद्यकात त्याचा उपयोग झाला. जंतूंचा नाश करणारी अन्य द्रव्येही त्यात पुढे सापडली आहेत.

असा हा माणसास सरावलेला, वेगवेगळ्या ऋतूंत तग धरणारा, संथ स्वभावाचा प्राणी हौशी लोकांच्या पसंतीस उतरला तर नवल काय! तो हातावर बसला तरी घाबरून उड्या मारत नाही आणि नीट निगा राखल्यास 15 वर्षांहून अधिक जगतो. 20 वर्षे ओलांडलेली उदाहरणेही आहेत. त्याच्यासाठी रुंदीपेक्षा उंची अधिक असलेली काचपेटी घेतात. तीत आडव्यातिडव्या फांद्या, ढोलीसारखा आडोसा आणि उथळ भांड्यात क्लोरीनविरहित पाणी ठेवतात. दिवसा 25 ते 29 अंश सेल्सियस उष्णता त्यास मानवते. खाद्य म्हणून जिवंत रातकिडे व झुरळे देतात आणि देण्यापूर्वी त्यांवर चुनखतयुक्त भुकटी भुरभुरतात. ही भुकटी नसेल तर पाळीव बेडकाची हाडे ठिसूळ होतात. हात धुतल्याशिवाय बेडकास स्पर्श करू नये, कारण हातावरील मीठ, साबण किंवा औषध त्याच्या त्वचेतून सरळ रक्तात जाते. आणि स्पर्श केल्यावरही हात धुवावेत, कारण त्याच्या अंगावरील जंतूंमुळे माणसास हगवणीचा विकार होऊ शकतो.

परंतु या बेडकाच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक होते ती उपाशी ठेवण्याची नव्हे, तर अती खाऊ घालण्याची. समोर येईल ते तो गिळत राहतो. मालकास वाटते, बिचारा भुकेला आहे. थोड्याच काळात त्याच्या डोळ्यांवर चरबीच्या घड्या लोंबू लागतात. कधी डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावरही चरबीचा पांढरा थर धरतो आणि बेडूक अंध होतो. पूर्ण वाढलेल्या बेडकास आठवड्यातून दोन-तीन वेळा खाणे पुरेसे होते. आपल्याकडे बैलाला पेंड किती घालावी याचा अंदाज जुन्या माणसांस असतो. पाळीव बेडकाच्या मालकांस तो पुस्तकातून शिकावा लागतो, हे पाहून थोडे हसू येते.

दुसऱ्या क्रमांकावर बहुतेक लोक मध्य अमेरिकेतील लाल डोळ्यांच्या वृक्षमंडुकाचे नाव घेतील. हिरवे अंग, निळ्या-पिवळ्या कुशी, नारिंगी पाय आणि माणकासारखे लाल डोळे यांमुळे तो चित्रांत व दिनदर्शिकांवर सर्वत्र दिसतो. पाळण्यास मात्र तो नाजूक असून नवशिक्याचे काम नव्हे. त्याची अंडी पाण्यावर झुकलेल्या पानावर असतात. कॅरेन वॉरकेंटिन या विदुषीने 1995 साली दाखवून दिले, की सापाने अंड्यांवर हल्ला केला असता आतील पिले त्या हादऱ्याने सावध होतात, नेहमीच्या वेळेपूर्वीच अंडी फोडून पाण्यात उड्या घेतात आणि जीव वाचवतात. वाऱ्यापावसाने पान हलले तर मात्र ती स्वस्थ राहतात.

युरोपातील लहानसा हिरवा वृक्षमंडूक याहून जुन्या काळापासून माणसाच्या घरात आहे. जर्मन भाषिक प्रदेशांत त्यास काचेच्या बरणीत ठेवून आत छोटी शिडी उभी करीत. बेडूक शिडी चढला तर हवा उघडणार, खाली उतरला तर पाऊस येणार, असा समज होता. उघाडीच्या वेळी किडे उंच उडतात म्हणून रानातला बेडूक उंच चढतो, या निरीक्षणातून तो रूढ झाला असावा. परंतु बरणीत ना किडे ना झाड, तेव्हा त्या भाकितास काही आधार नव्हता. हवामान सांगणाऱ्या माणसास जर्मन लोक आजही थट्टेने 'हवाबेडूक' म्हणतात. पावसाचे ठोकताळे बेडकांवरून बांधण्यात आपण एकटेच नाही, हे वाचून काही वाचकांस बरे वाटेल!

येथवरची हकीकत करमणुकीची झाली. पुढची तशी नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलिया व मध्य अमेरिका येथील दाट, निर्मनुष्य जंगलांतून बेडकांच्या जातीच्या जाती नाहीशा होऊ लागल्या. जंगल तोडलेले नव्हते, फवारणी झालेली नव्हती. तरी ओढे मुके झाले. 1998 साली ऑस्ट्रेलिया व पनामा येथील मेलेल्या बेडकांच्या त्वचेत एक सूक्ष्म बुरशी सापडल्याचे जाहीर झाले. 1999 साली वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात मेलेल्या बेडकांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही हीच बुरशी होती, आणि ते बेडूक म्हणजे दक्षिण अमेरिकेतील विषारी बेडूक व आपला हा व्हाइटचा बेडूक. त्याच वर्षी बुरशीचे शास्त्रीय नामकरण झाले. तिला थोडक्यात 'कायट्रिड' म्हणतात.

ही बुरशी जीव कसा घेते, हेही याच बेडकावर केलेल्या प्रयोगांतून 2009 साली स्पष्ट झाले. आधी सांगितल्याप्रमाणे बेडूक पाणी व क्षार त्वचेवाटे घेतो. बुरशीने त्वचा जाड व विकृत झाली, की ही देवघेव बिघडते. रक्तातील सोडियम व पोटॅशियम खाली जाते आणि शेवटी हृदय बंद पडते. म्हणजे ज्या त्वचेच्या बळावर हा प्राणी कोरड्या मुलखात दव पिऊन जगतो, तीच त्याच्या मृत्यूचे द्वार ठरते. बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहतात. त्यामुळे रोगी बेडूक ज्या पाण्यात बसला ते पाणी, ती माती, ते ओले बूट हे सर्व रोगवाहक होतात. बेडूकमाशांच्या केवळ तोंडाच्या भागास ती धरते. ते मरत नाहीत, परंतु रोग पुढे नेतात.

हा रोग जगभर पसरला कसा? 2018 साली अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी मिळून केलेल्या अभ्यासानुसार या बुरशीचे मूळ पूर्व आशियात, बहुधा कोरियाच्या परिसरात असून विसाव्या शतकाच्या आरंभापासून ती जिवंत उभयचर प्राण्यांच्या व्यापाराबरोबर खंडोखंडी गेली असे दिसते. त्या व्यापारात प्रयोगशाळेसाठी, खाण्यासाठी आणि हौसेसाठी नेलेले असे सर्व प्राणी होते. हौशी माणसाने जाणूनबुजून हे केले असे कोणी म्हणणार नाही. पण पेटीतील गढूळ पाणी गटारात किंवा ओढ्यात ओतणारा हात त्याचाच होता. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या गणनेप्रमाणे या रोगामुळे निदान 501 जाती घटल्या आणि त्यांतील 90 जाती नष्ट झाल्या असाव्यात. एकाच रोगाने प्राणिसृष्टीची एवढी हानी केल्याचे दुसरे उदाहरण ज्ञात नाही.

खुद्द हिरव्या वृक्षमंडुकासही त्याची झळ लागली. 2021 च्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्याकडील पावसाळ्यात, पूर्व ऑस्ट्रेलियातील लोकांना अंगणात व ओसरीवर मरगळलेले, तपकिरी पडलेले बेडूक दिसू लागले. सिडनी येथील ऑस्ट्रेलियन संग्रहालयाने नागरिकांस कळवण्याचे आवाहन केले, तेव्हा हजारांहून अधिक पत्रे आली आणि त्यांत सर्वाधिक उल्लेख याच बेडकाचा होता. कायट्रिडचा त्यात मोठा भाग असल्याचे तपासणीत आढळले. ही बुरशी थंड हवेत जोमाने वाढते व 28 अंशांपलीकडे मंदावते. त्यामुळे थंडीच्या महिन्यांत घात होतो.

या संदर्भात केळीच्या खोक्यांची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. क्वीन्सलंडमधील बागांत केळीच्या घडांत हा बेडूक दडून बसतो आणि मालाबरोबर शेकडो कोस दक्षिणेस सिडनीच्या बाजारात येऊन पोचतो. दयाळू दुकानदारास वाटते, जवळच्या तळ्यात सोडून द्यावा. तसे करू नये, असे तेथील जाणकार कळकळीने सांगतात. कारण तो बरोबर रोग आणू शकतो. सिडनीत बेडूक-अभ्यासकांचे एक मंडळ अशा वाट चुकलेल्या बेडकांना वेगळे ठेवून, त्यांच्यावर नजर ठेवून, मग परवानाधारक हौशी लोकांकडे सोपवते. हौशी माणसाचा येथे खरा उपयोग झाला, असे म्हटले पाहिजे. न्यू साउथ वेल्समध्ये बेडूक पाळण्यास परवाना लागतो, आणि देशी प्राण्यांची जिवंत निर्यात व्यापारासाठी करण्यास ऑस्ट्रेलियाने बंदी घातली आहे. इतर देशांतील हौशी लोकांकडे दिसणारे हे बेडूक बहुधा पाळीव बेडकांची संतती असतात, अथवा न्यू गिनीच्या बाजूने आलेले.

बेडूक एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेण्याचा दुसरा धडा तर शेतीखात्यांनीच घेतला आहे. 1935 साली क्वीन्सलंडच्या ऊस संशोधन विभागाने उसाची मुळे खाणाऱ्या हुमणीच्या भुंगेऱ्यांचा बंदोबस्त करावा म्हणून हवाई बेटांतून सुमारे 100 मोठे भेक आणले. भुंगेरे उसाच्या शेंड्यावर आणि भेक जमिनीवर. दोघांची गाठ पडेना. हुमणी राहिली, भेक मात्र कोट्यवधींनी वाढले आणि त्यांच्या विषाने तेथील सर्प व इतर वन्य प्राणी मरू लागले. आजतागायत त्यांचा बंदोबस्त झालेला नाही. फ्लॉरिडात क्यूबा बेटातील वृक्षमंडूक मालाच्या खोक्यांतून आला. तो तेथील लहान बेडूक खातो आणि विजेच्या रोहित्रांत शिरून वीजपुरवठा बंद पाडतो.

परदेशी प्राणी पाळण्याची हौस आता आपल्याकडील मोठ्या शहरांतही आली आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 यात 2022 साली झालेल्या सुधारणेनंतर आंतरराष्ट्रीय व्यापार करारातील परदेशी जाती बाळगणाऱ्यास त्यांची रीतसर नोंद करावी लागते. लाल डोळ्यांच्या बेडकाचा समावेश त्या करारात 2010 पासून आहे. शहरातील भाच्या-पुतण्याने असा बेडूक आणला आणि कंटाळा आल्यावर 'काकांच्या विहिरीत सोडू' असे म्हटले, तर त्यास स्पष्ट नकार द्यावा. पेटीतील पाणीही उकळल्याशिवाय मोरीबाहेर जाऊ देऊ नये. आपल्या सह्याद्रीतील बेडकांच्या अंगावर कायट्रिड आढळल्याचे 2013 साली प्रसिद्ध झाले आहे. परंतु तो आशियातील स्थानिक वाण असून त्याने येथे बेडकांचे सामुदायिक मरण ओढवल्याचे दिसलेले नाही. बाहेरील उग्र वाण आत येऊ न देणे हेच शहाणपणाचे.

आणि आपल्याकडे काय कमी आहे? आंबोलीच्या रानात, तसेच गोव्याच्या डोंगराळ भागात, पावसाळी रात्री मलबारचा उडता बेडूक पाहावयास दूरदूरचे लोक येतात. त्याचे वर्णन 1870 साली जर्डन या, व्हाइटप्रमाणेच पेशाने शस्त्रवैद्य असलेल्या, निसर्गशास्त्रज्ञाने केले. पाठ पोपटी, बोटांमधील रुंद पडदे नारिंगी तांबडे. पडदे ताणून तो उंच फांदीवरून 9 ते 12 मीटर अंतर तरंगत पार करतो. सह्याद्रीच्या झुडपांत याहून चिमुकले, अंगठ्याच्या पेराएवढे झुडूपबेडूक आहेत. त्यांना बेडूकमाशाची अवस्थाच नसते, अंड्यातून थेट बेडकाचे पिलू बाहेर येते. त्यांतील एक जात 2013 साली महाराष्ट्रातच नव्याने ओळखली गेली आणि पुण्याचे प्राध्यापक हेमंत घाटे यांचे नाव तिला देण्यात आले.

परंतु शेतकऱ्याचा खरा शेजारी म्हणजे आरंभी सांगितलेला हौदावरचा साधा वृक्षमंडूक. ऑस्ट्रेलियातील हिरव्या बेडकाचे सगळे घरोब्याचे गुण त्यात आहेत. तोही स्नानगृहात येतो, दिव्याखालचे किडे टिपतो, आणि उन्हाळ्यात ओलावा टिकवण्यासाठी त्वचेतून पाझरणारे स्निग्ध द्रव्य हातापायांनी सर्वांगास चोपडून घेतो, जणू अभ्यंगस्नानास बसला आहे! त्याच्या अंड्यांची तऱ्हा मात्र निराळी. पाऊस लागला, की मादी हौदाच्या भिंतीवर, टाकीच्या काठावर किंवा पाण्यावर झुकलेल्या फांदीवर एक स्राव सोडून पायांनी तो घुसळते. त्याचा साबणाच्या फेसासारखा पांढरट गोळा होतो आणि अंडी त्यात राहतात. वरचा थर सुकून कवच बनते, आत ओल टिकते. थोड्याच दिवसांत खालचा फेस विरघळून बेडूकमासे टपटप पाण्यात पडतात.

पुष्कळ ठिकाणी हा फेस घाण समजून खराट्याने काढून टाकतात. कोणी त्यास सापाची लाळ म्हणतो, कोणी विषारी म्हणतो. यात काहीही तथ्य नाही. तो फेस निरुपद्रवी आहे. पाण्यात पडलेले बेडूकमासे शेवाळ व कुजकट खातात आणि काही आठवड्यांत बेडूक होऊन निघून जातात. गुरांच्या हौदावर असा गोळा दिसल्यास तो तसाच राहू द्यावा आणि हौद घासावयाचा झाल्यास बेडूकमासे बादलीत काढून पुन्हा त्याच पाण्यात सोडावेत. दुसऱ्या गावच्या तळ्यात नेऊ नयेत.

फवारणीचा पंप हौदावर अथवा ओढ्यात धुऊ नये, ही सूचना या पत्रिकेतून अनेकदा केली आहे. बेडकाची त्वचा कशी असते हे वाचल्यावर तिचे कारण निराळे सांगावयास नको. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यात जमिनीवरचे बेडूक उतरतात, पण निसरड्या उतारामुळे त्यांस वर येता येत नाही. काठाच्या खुंटास बांधून गोणपाटाची एक लांब पट्टी किंवा काथ्याचा जाड दोर पाण्यापर्यंत सोडला, म्हणजे काम होते. दोर कुजला, की पावसाळ्यापूर्वी बदलावा.